समाधानी आहात का? आधी तक्रार तर लिहून घ्या!

पोलिसांच्या कामावर जनता किती समाधानी आहे हे मोजायची आपल्याकडे अधूनमधून टूम निघते. २०१९ साली केंद्रीय गृहखात्याने जाहीर केलं की एनसीएईआर या संस्थेमार्फत १७३ जिल्ह्यांतल्या १ लाख २० हजार कुटुंबांना पोलीस सेवेबद्दल विचारणार. २०२१ साली इंडियन पोलीस फाउंडेशनने राज्यांना दहापैकी गुण दिले. आंध्र प्रदेश पहिला, तेलंगणा दुसरा. अशी यादी आली की आपण आधी "आपला महाराष्ट्र कितवा?" तेवढं बघतो (बारावीच्या निकालाची सवय, दुसरं काय!) आणि पान उलटतो. हल्ली तर काही पोलीस ठाण्यांत अभिप्रायासाठी क्यूआर कोडच चिकटवलेला असतो. स्कॅन करा, तारे द्या, घरी जा. पिझ्झावाल्याला देतो तसेच.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे, की हे समाधान-बिमाधान मोजणं काही दिवस बाजूला ठेवा. आधी एकच गोष्ट मोजा. तक्रार घेऊन ठाण्यात आलेल्या दर शंभर माणसांपैकी किती जणांची तक्रार, जशी घडली तशी, कागदावर आली? हा आकडा ज्या दिवशी प्रत्येक ठाण्याच्या दारावर लागेल, त्या दिवशी समाधानाचं बघू.

आता हे मी का म्हणतोय ते सांगतो. आपल्या धंद्यातलंच उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या मॅनेजरने ठरवलं की ज्या टीमच्या नावावर कमी बग त्या टीमला चांगलं अप्रेझल. काय होईल? कोड सुधारेल? छे हो! आठवड्याभरात टेस्टरला कँटीनमध्ये गाठून "अरे बाबा, बग कशाला टाकतोस, मला तोंडी सांग ना" असं सुरू होईल. पी-वनचा पी-थ्री होईल. "आमच्याकडे तर चालतंय" हा शेरा मारून निम्मी तिकिटं बंद होतील. आणि वर कस्टमरला समाधानाचा सर्व्हे जाईल तोही फक्त बंद झालेल्या तिकिटांवर. ज्याचं तिकीट उघडलंच नाही त्याला मेल जाणार कुठून? मग तिमाहीच्या शेवटी मस्त हिरवागार ग्राफ आणि सगळ्यांना केक. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली मांडलेल्या मुद्द्यावरून याला गुडहार्टचा नियम म्हणतात. जे मोजून बक्षीस द्याल ते लोक बरोबर सजवून आणतात, आणि मग त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

पोलीस ठाणं हे असं एक प्रचंड बग ट्रॅकर आहे. आणि तिथे नेमकं हेच चालतं.

माझ्या टीममधल्या एका मुलीचा फोन गर्दीच्या बसमधून गेला. पर्सची चेन उघडी, आतलं पाकीट जागेवर, फोन गायब. ती ठाण्यात गेली. कुठलं ठाणं ते सांगत नाही, कारण हा किस्सा एका ठाण्याचा नाहीच. तुमच्या ऑफिसात विचारा, चार टेबलं ओलांडायच्या आत दुसरा सापडेल. संवाद साधारण असा झाला:

"मॅडम, चोरताना कुणी बघितलं का?"

"नाही."

"मग चोरीच झाली कशावरून? उतरताना पडला असेल. गहाळ म्हणून लिहा. दाखला लगेच मिळतो, सिमकार्डही मिळेल. गुन्हा दाखल केला तर तुम्हालाच कोर्टात खेटे घालावे लागतील बघा."

तिने गहाळ लिहिलं. वीस मिनिटांत काम झालं. बसायला खुर्ची दिली, पाणी विचारलं, कुणी खेकसलं नाही. बाहेर येऊन ती म्हणाली, "एवढे काही वाईट नसतात रे पोलीस." म्हणजे बघा, एक चोरी झाली, चोर मोकळा, सरकारी कागदावर चोरी झालेलीच नाही, आणि नागरिक समाधानी! क्यूआर कोड पुढे केला असता तर पाचपैकी चार तारे नक्की पडले असते.

माझा राग त्या हवालदारावर नाही. माझा राग या चार ताऱ्यांवर आहे.

तक्रार 'न लिहिण्याचे' चार-पाच प्रकार आहेत आणि ते आपल्याला माहीत असायला हवेत. पहिला हा, चोरीचं 'गहाळ' करणं. दुसरा 'एनसी'. म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. मारहाण झाली, धमकी दिली, नवरा रोज मारतो, सगळं एनसीच्या पावतीवर. एनसीत पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपासच करू शकत नाहीत, हे ती पावती जपून ठेवणाऱ्या बाईला कुणी सांगत नाही. तिसरा 'अर्ज द्या, चौकशी करतो'. हा अर्ज मग अर्जच राहतो. चौथा 'आमच्या हद्दीत येत नाही'. रस्त्याची एक बाजू एका ठाण्याची आणि दुसरी दुसऱ्याची, आणि गुन्हा नेमका डिव्हायडरवर घडलेला! पाचवा, आजकालचा: "सायबर आहे ना? मग पोर्टलवर टाका." १९३० वर फोन आणि पोर्टलवर तक्रार लगेच करायलाच हवी, पैसे गोठवायला तोच मार्ग आहे. पण पोर्टलवरचा पोचक्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे, हे किती जणांना ठाऊक आहे?

हे सगळं कायद्याला धरून आहे का? अजिबात नाही. ललिता कुमारी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी स्पष्ट सांगितलं, की माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हलगर्जीपणा, भ्रष्टाचार अशा मोजक्या प्रकारांत आधी प्राथमिक चौकशी करता येईल. बसमधली पाकीटमारी त्या यादीत नव्हती. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तक्रार घ्यावीच लागते. ऑनलाइन कळवता येतं, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. कलम १९३ म्हणतं की तपास कुठवर आलाय हे ९० दिवसांत तक्रारदाराला कळवायला हवं. कागदावर बघाल तर स्वर्ग!

पण त्याच नव्या कायद्याने दोन फटीही ठेवल्या आहेत. तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, आधी १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. आणि चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल तर चोरी अदखलपात्र. म्हणजे तुमच्या जुन्या फोनची किंमत कागदावर किती लिहिली जाते, यावर तपास होणार की नाही ते ठरू शकतं. तुमच्या-माझ्या फोनचं ठीक आहे. आपल्या सोसायटीच्या वॉचमनचा फोन साडेचार हजारांचा असतो, आणि त्याच्यासाठी तो अर्ध्या पगाराचा ऐवज असतो.

आता थोडे आकडे. आयडीएफसी इन्स्टिट्यूटने २०१७ साली दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि बंगळूरमध्ये सुमारे २० हजार घरी जाऊन लोकांना विचारलं की तुमच्या बाबतीत गुन्हा घडला का, आणि घडला तर पुढे काय केलंत. ज्यांच्याकडे चोरी झाली होती त्यांच्यापैकी एफआयआरपर्यंत पोचलेले लोक दहात एकही भरत नव्हते. सगळा दोष काउंटरचा नाही, बरेच लोक ठाण्यात जातच नाहीत. पण का जात नाहीत? "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" हे आपण पोरांना शिकवतो, आणि चौकी तर कोर्टाच्याही अलीकडे लागते! न जाणाऱ्यांना कुणी क्यूआर कोड दाखवत नाही. त्यांचं समाधान कुठेच मोजलं जात नाही.

बरं, पोलीस असं का करतात? आळशी आहेत म्हणून? मला नाही पटत. लोकनीती-सीएसडीएस आणि कॉमन कॉज यांच्या २०१९ च्या अहवालानुसार पोलीस दिवसाला सरासरी १४ तास काम करतात. मुंबईत आठ तासांची ड्यूटी २०१६ साली देवनार ठाण्यात प्रयोग म्हणून सुरू झाली, आणि ती बातमी झाली! आठ तास काम ही बातमी होते अशी दुसरी कुठली नोकरी तुम्हाला माहीत आहे? (आपली सोडून :-)) त्यात गणपती, पालखी, सभा, मंत्र्यांचे दौरे. एक एफआयआर म्हणजे पंचनामा, जबाब, केस डायरी, दोषारोपपत्र, आणि चार वर्षांनी बदलीच्या गावाहून कोर्टात साक्षीला येणं. आयटी कायद्याच्या कलम ७८ नुसार त्या कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचाच अधिकारी करू शकतो. आता एका ठाण्यात निरीक्षक असतात किती आणि रोज फसवणुकीचे फोन येतात किती? अशा वेळी समोरच्याला गोड बोलून गहाळचा दाखला देणं हा त्या माणसाचा स्वतःला वाचवायचा मार्ग आहे.

पण कामाचा ताण हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं आपण सगळे मिळून पुरवतो. नागपूरचं अधिवेशन आलं की विरोधी पक्ष आकड्यांचा कागद फडकवतो, "राज्यात गुन्हे वाढले, गृहमंत्र्यांनी राजीनामा द्या!" सत्तेतले म्हणतात, "तुमच्या काळापेक्षा कमीच आहेत." पुढच्या निवडणुकीनंतर कागद तोच, फक्त हात बदलतात. पेपरात मथळा येतो. मग वरून प्रश्न येतो तो ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकाला, "तुमच्याकडेच का वाढले?" त्यात उकलीची टक्केवारी वेगळीच. बसमधली पाकीटमारी सापडणं कठीण. ती लिहिली तर गुन्ह्यांचा आकडा वाढतो आणि उकलीचं प्रमाण घसरतं, म्हणजे दोन्हीकडून मार. न लिहिली तर दोन्ही आकडे गोंडस. तुम्ही त्या खुर्चीत बसलात तर काय कराल, प्रामाणिकपणे सांगा.

गंमत म्हणजे ज्यांच्या आकड्यांवरून हा सगळा तमाशा होतो तो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आपल्या अहवालात स्वतःच बजावतो, की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. केरळचा गुन्हे-दर नेहमी वरच्या राज्यांत दिसतो. म्हणून केरळात कुणी रात्री घराबाहेर पडत नाही का? तिथे लोक तक्रार करतात आणि ती लिहिली जाते, हे त्याचं मोठं कारण आहे. आपण मात्र यादी उलटी वाचतो आणि लिहून घेणाऱ्यालाच झोडपतो.

"एका फोनचं काय एवढं?" असं कुणी म्हणेल. एका फोनचं नाहीच. समजा एकाच बसमार्गावर महिन्यात चाळीस फोन गेले, आणि चाळीसही 'गहाळ' झाले. मग टोळी दिसणार कशी? देशातली ठाणी एकमेकांना जोडायला केंद्राने २००९ साली सीसीटीएनएस प्रकल्पाला २००० कोटी मंजूर केले. नेटवर्क आलं, सर्व्हर आले, ठाण्यात कॉम्प्युटर आले. पण टेबलात रो-च नसेल तर क्वेरी कशावर मारणार? गस्त कुठे वाढवायची, माणसं कुठे द्यायची हे त्याच डेटावर ठरतं. ज्या वस्तीतल्या तक्रारी लिहिल्या जात नाहीत ती वस्ती कागदावर 'शांत' असते. आणि शांत वस्तीला जादा पोलीस कशाला? झालं, वर्तुळ पूर्ण.

आपला वर्ग यात अगदी मजेत फसलाय. आपला पोलिसांशी संबंध येतो तो पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला. ते पटकन झालं की आपण समाधानी. ट्विटरवर (आता एक्स म्हणायचं म्हणे) ट्रॅफिकची तक्रार टाकली आणि उत्तर आलं, की अजून समाधानी. आणि मग एखादी १९ मे २०२४ ची रात्र येते. पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शने आपल्याच क्षेत्रातल्या दोघा तरुण इंजिनिअरांना उडवलं. अल्पवयीन आरोपीला त्याच दिवशी जामीन मिळाला, वर तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट. देशभर संताप झाला. त्यानंतर येरवडा ठाण्यातले दोन अधिकारी निलंबित झाले, कारण त्यांनी घटना वेळेत वर कळवली नाही. म्हणजे तिथेही दुखणं हेच निघालं. जे घडलं ते, घडलं तेव्हा, नोंदीतून वर गेलं नाही. तेव्हा सगळा देश बघत होता. कुणी बघत नसताना बाकीच्या ३६४ दिवसांत जे लिहिलं जात नाही, त्याबद्दल आपल्याला कधी संताप येत नाही.

हे दुरुस्त होऊ शकतं का? होऊ शकतं, आणि ते दुसरीकडे झालेलं आहे. इंग्लंड-वेल्समध्ये घरोघरी जाऊन "तुमच्या बाबतीत गुन्हा घडला का?" असं विचारणारं सर्वेक्षण १९८२ पासून चालू आहे. पोलिसांच्या रजिस्टरशी त्याचा काही संबंध नाही. तरीही २०१४ च्या जानेवारीत तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांच्या गुन्हे-आकडेवारीचा 'राष्ट्रीय सांख्यिकी' हा दर्जाच काढून घेतला, कारण आकड्यांवर विश्वास ठेवता येईना. त्याच वर्षी पोलिसांवर देखरेख करणाऱ्या निरीक्षक संस्थेने तपासणी केली. पोलिसांना कळवलेल्या गुन्ह्यांपैकी १९ टक्के नोंदलेच जात नव्हते, वर्षाला आठ लाखांहून जास्त. हिंसाचाराच्या गुन्ह्यांत हे प्रमाण ३३ टक्के, लैंगिक गुन्ह्यांत २६. नामुष्की होती. पण त्यांनी अहवाल छापला, प्रत्येक दलाची पुन्हापुन्हा तपासणी केली, आणि काही वर्षांत नोंदीचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेलं. नोंद वाढली तसा कागदावरचा गुन्ह्यांचा आकडाही फुगला. तो सहन करायची तयारी ठेवावी लागते.

आपल्याकडे काय करता येईल? माझ्या डोक्यात तीन गोष्टी आहेत, आणि तिन्हीला नवीन कायदा लागत नाही.

एक. ११२ वर आलेला प्रत्येक कॉल आधीच लॉग होतो. तो लॉग आणि ठाण्यातल्या नोंदी दर महिन्याला एकमेकांशी ताडून बघा. कॉल आहे पण नोंद नाही, अशा केसेस बाहेरच्या माणसाने तपासाव्यात. आपल्यापैकी कुणीही ही क्वेरी दुपारच्या चहाआधी लिहून देईल.

दोन. दरवर्षी प्रत्येक पोलीस आयुक्तालयात घरोघरी सर्वेक्षण, पोलिसांकडून नव्हे, बाहेरच्या संस्थेकडून. प्रश्न तीनच: गुन्हा घडला का? तक्रार लिहिली गेली का? नंतर कुणी काही कळवलं का? "समाधानी आहात का" हा प्रश्न चौथा, आणि ऐच्छिक.

तीन. नोंदलेल्या गुन्ह्यांच्या संख्येवरून ठाण्याच्या प्रमुखाला जाब विचारणं बंद. जाब विचारायचा तो न नोंदलेल्या गुन्ह्यांवरून. आणि नोंदी वाढल्या की माणसंही वाढवून द्या, नाहीतर तो हवालदार पुन्हा गहाळचा फॉर्म पुढे सरकवेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

आणि आपण? आपण चोरीला चोरीच म्हणायचं. गहाळच्या दाखल्यावर सही करायची नाही. आवाज न चढवता, "साहेब, चोरी झाली आहे, दखलपात्र आहे, एफआयआर घ्या आणि प्रत द्या" एवढंच म्हणायचं. नाही म्हणाले तर कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार लेखी स्वरूपात पोस्टाने अधीक्षकांना, शहरात असाल तर उपायुक्तांना, पाठवायची. तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. वेळ जातो, मान्य. पण रजा टाकून हे करणं आपल्याला परवडतं. वॉचमनला, घरकाम करणाऱ्या मावशींना, डिलिव्हरीच्या पोराला परवडत नाही. त्यांच्यासाठी काउंटर जेवढं रुंद होईल, ते आपण हट्ट धरला तरच होईल. 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे महाराष्ट्र पोलिसांचं ब्रीद. खल कोण हे लिहूनच घेतलं नाही तर निग्रह कुणाचा करणार?

तर पुढच्या वर्षी तुमच्या शहरात "गुन्ह्यांत मोठी वाढ" असा मथळा आला तर लगेच आयुक्तांच्या नावाने बोंब मारू नका. आधी विचारा, वाढ गुन्ह्यांत आहे की नोंदीत? नोंदीत असेल, तर तो क्यूआर कोड शोधा आणि खुशाल पाच तारे देऊन टाका.